पाहुण्यांचा साकव

“फुगे आणा, पण फुगवायची घाई करू नका. गेल्या वर्षी साहेब यायच्या आधीच निम्मे फुटले आणि पोरांनी भोकाड पसरलं,” मगदूम सर म्हणाले आणि हातातल्या कागदावर पुढची सूचना शोधू लागले.

मोसऱ्याच्या केंद्रशाळेत वर्षारंभाची सभा चालली होती. आसपासच्या सगळ्या शाळांचे मास्तर आणि बाई मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मगदूम सर आमचे केंद्रप्रमुख. वरून आलेला प्रत्येक हुकूम आम्हाला वाचून दाखवायचा आणि आमची प्रत्येक कुरकुर ऐकून विसरून जायची, हे त्यांचं काम. दोन्ही ते हसतमुखानं करत, म्हणून त्यांच्यावर कुणाला रागावता येत नसे.

“पहिलीत येणाऱ्या मुलांचं औक्षण करायचं. कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कोऱ्या कागदावर ठसे घ्यायचे. पहिलं पाऊल. त्याचा फोटो त्याच दिवशी पाठवायचा. पुस्तकं त्याच दिवशी हातात पडली पाहिजेत. गणवेशाची मापं नीट घ्या, मागच्या खेपेला एकाच चड्डीत दोन पोरं मावत होती. तांदूळ बघून घ्या, मागाहून उंदरांवर ढकलू नका.”

सगळे हसले. मीही हसले. नोकरीत मला फार वर्षं झालेली नव्हती आणि जूनमधल्या या सभेत मला नव्या वह्यांचा वास आल्यासारखं वाटायचं. आता तो येत नाही.

“आणि आता शेवटचं.” सरांनी चष्मा काढून पुसला. “कमी पटाच्या शाळांचं समायोजन.”

समायोजन म्हणजे लहान शाळेला कुलूप लावायचं आणि तिथली मुलं जवळच्या मोठ्या शाळेत पाठवायची. साध्या शब्दांत सांगितलं तर लोक चिडतात, म्हणून हा शब्द. सरांनी वाचलेलं पहिलंच नाव माझ्या शाळेचं होतं. तळीचा धनगरवाडा. आमची मुलं मोसऱ्याला, म्हणजे आम्ही बसलो होतो त्याच शाळेत यायची होती.

सभा सुटल्यावर मी सरांना व्हरांड्यात गाठलं.

“सर, आमच्या वाटेत भैरीचा ओढा आहे. उन्हाळ्यात गुडघाभर, आणि आषाढात म्हैस वाहून जाईल एवढं पाणी. मुलं कशी येणार?”

“अहो, तेच तर सांगायला तुम्हाला शोधत होतो.” सरांनी आवाज उतरवला. “वाटेत नदी-ओढा असला तर शाळा हलवायची नाही, असा नियमच आहे. हावळ साहेब स्वतः वाट बघायला येणार आहेत, प्रवेशोत्सवाच्याच दिवशी. त्यांनी लिहिलं की झालं. तुम्ही भाषण ठोकू नका. बूट हातात घेऊन, पँट वर करून साहेब एकदा पाण्यातून जाऊ देत. पुढचं ओढाच बोलेल.”

हावळ साहेब तालुक्याला विस्तार अधिकारी होते. माणूस सरळ, असा त्यांचा लौकिक होता. मला हायसं वाटलं.

तळीचा धनगरवाडा म्हणजे ओढ्यापलीकडच्या उतारावर बसलेली गवळी धनगरांची थोडी घरं, त्यांच्या दुप्पट म्हशी आणि मधोमध एका खोलीची माझी शाळा. पहिली ते चौथीची सगळी मुलं त्या एकाच खोलीत, एका भिंतीला पहिली तर समोरच्या भिंतीला चौथी. ओढ्यापर्यंत रस्ता होता, पुढं पाण्यातून चालायचं. मी रोज चपला हातात घेऊन जायची. त्या दिवशी पलीकडच्या काठावर भागी उभी होती. मी दिसल्याबरोबर ती पाण्यात उतरली आणि माझी पिशवी काढून तिनं आपल्या डोक्यावर ठेवली.

“बाई, कवा उघडायची शाळा?”

“सोमवारी. चौथीत जाणार ना आता?”

“गुळाच्या पुड्याचा कागद सगळा वाचला म्या. त्यात एक हत्ती हुता. त्याचं पुढं काय झालं त्ये फाटलंय.”

भागी झोरे ही अशी पोर होती. बाजारातून चहा-गूळ ज्या वर्तमानपत्रात बांधून येई ते सगळं ती वाचायची आणि पुढचं फाटलंय म्हणून हळहळायची. तिच्यापायी मी तिच्या बापाशी दोन वर्षं हुज्जत घातली होती. तिच्या मोठ्या बहिणीला शाळेत घातलंच नव्हतं. तालुक्याला मुलींचं वसतिगृह होतं, पाचवीपासून प्रवेश मिळायचा, राहणं-खाणं फुकट. शेवटी उन्हाळ्यात तिचा बाप कबूल झाला होता. “चौथी पास हू दे वाड्यात. मग बघू तुमच्या वसतिगृहाचं. पर रोज वड्यापल्याड पोरगी जायाची न्हाई. गव्याचं रान हाय, पाण्याचा भरवसा न्हाई. वाड्यात शाळा हाय तवर शिकंल.”

म्हणजे मला एकच वर्ष हवं होतं. शाळेला कुलूप लागलं असतं तर भागी म्हशींमागं गेली असती आणि तिथंच राहिली असती.

तिचा बाप नवलू झोरे शाळा समितीचा अध्यक्ष होता. वाड्यातला शहाणा आणि कसबी माणूस. दोरी वळावी, छप्पर शाकारावं, जनावराचा मोडलेला पाय बांधावा तर त्यानं. मी गेले तेव्हा तो अंगणात म्हशीच्या दाव्याला पीळ देत होता. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. शाळा उठवायचं घाटतंय, साहेब बघायला येणार आहेत, ओढा बघितला की शाळा राहील.

“साहेब पयल्यांदाच येतोय न्हवं आमच्या वाड्यात?” नवलूनं विचारलं.

“हो, पहिल्यांदाच.”

“आन् समदं त्येच्याच हातात हाय?”

“हो दादा. ते लिहितील तसं होणार.”

नवलूनं दावं बाजूला ठेवलं. “मग तुमी काळजी करू नगासा बाई. बघतो आमी.”

त्याच्या बायकोनं, जनाबाईनं, मला तांब्याभर ताक दिलं. मी निवांत मनानं परतले. पुढचे दोन दिवस मी तालुक्यालाच होते. गोदामातून पुस्तकांचे गठ्ठे मिळवणं म्हणजे लग्नात पहिल्या पंगतीला जागा मिळवण्यासारखं असतं, ज्याचा आवाज मोठा त्याला आधी. माझा आवाज मोठा नव्हता, पण भागीचं पुस्तक मी कधीच राहू दिलं नसतं.

सोमवारी हावळ साहेबांच्या जीपमधूनच मी निघाले. मागं पुस्तकांचे गठ्ठे, मगदूम सर आणि फुगे. पाऊस उघडला होता. साहेब उंच, शांत, पांढऱ्या शर्टाचे गृहस्थ. त्यांचे बूट मी आधी बघून घेतले. काळे, नवेकोरे, नाडीचे. मगदूम सरांनीही बघितले आणि माझ्याकडं बघून एक डोळा बारीक केला.

जीप वळण घेऊन ओढ्यापाशी थांबली. आम्ही उतरलो आणि मी समोर बघितलं.

ओढ्यावर साकव होता.

दोन दिवसांपूर्वी तिथं पाण्याशिवाय काही नव्हतं. आता या काठावरून त्या काठाला ऐनाच्या झाडाच्या लांब, सरळ सोटांचा पूल गेला होता. खाली दगड रचून केलेले भक्कम खांब, वर सोट, सोटांवर आडवे बांधलेले बांबू, त्यावर माती टाकून चोपलेली, आणि धरायला दोन्ही बाजूंनी वेलींचे कठडे. कठड्यांना आंब्याचे डहाळे बांधलेले. पलीकडं सगळा वाडा नवी धोतरं, नवी लुगडी नेसून उभा होता. पुढं नवलू, डोक्याला फेटा. ढोल सुरू झाला.

माझ्या सगळं लक्षात आलं. लग्नाची वरात येणार असली की हा वाडा ओढ्यावर साकव घालतो. वाड्यात पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याचे पाय ओढ्यात भिजले तर ती वाड्याची नामुष्की. पाहुणे परतले की सोट काढून घरच्या माळ्यावर ठेवायचे, पुढच्या लग्नाला. स्वतःसाठी तो कुणी घालत नाही. माझ्यासाठीही कधी घातला नव्हता, कारण मी पाहुणी नव्हते, वाड्याचीच होते. या गोष्टीचा मला आजवर अभिमान वाटायचा.

“वा!” हावळ साहेब म्हणाले आणि बूट न काढता साकवावरून चालायला लागले.

मगदूम सरांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या तोंडावरचं नेहमीचं हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

“साहेब,” मी मागून धावले, “हा साकव एरवी नसतो. तुम्ही येणार म्हणून दोन दिवसांत घातलाय. उद्या काढतील.”

साहेब मधोमध थांबले. कठडा हलवून बघितला. तो तसूभरही हलला नाही. “दोन दिवसांत एवढा केला?” ते कौतुकानं म्हणाले. “कमाल आहे. मग रोजच्यासाठी का ठेवत नाहीत?”

उत्तराची वाट न बघता ते पुढं चालू लागले. खाली पाणी खळखळत होतं. गुडघाभर, नितळ, अगदी गुणी बाळासारखं.

पलीकडं जनाबाईनं साहेबांना ओवाळलं. शाळेच्या दारात कुंकवाचं पाणी परातीत कालवून ठेवलं होतं. त्या वर्षी पहिलीत येणारं एकच पोर होतं, बिरू. त्याचे पाय परातीत बुडवले आणि कागदावर ठेवले तेव्हा तो गुदगुल्या होऊन इतका हसला की ठसा पसरला. साहेबही हसले. मगदूम सरांनी फोटो काढला. मी फुगे बांधत होते.

“बाई, म्या वाचू?” भागी माझा पदर ओढत होती. तिच्या हातात चौथीचं पुस्तक होतं, गठ्ठा सुटल्याबरोबर पळवलेलं.

ती साहेबांसमोर उभी राहिली आणि पहिलाच धडा तिनं घडाघडा वाचला. पहिल्यांदाच बघितलेला धडा. मध्ये एका जोडाक्षराला अडखळली, मागं जाऊन ते पुन्हा म्हणाली आणि पुढं गेली. सगळा वाडा कान टवकारून ऐकत होता. साहेबांनी तिला जवळ घेतलं आणि स्वतःच्या खिशातलं पेन दिलं.

“हिला शिकवा,” ते नवलूला म्हणाले. “फार पुढं जाईल.”

“व्हय साहेब. शाळा हाय तवर शिकिवणार,” नवलू म्हणाला. त्याचा फेटा आनंदानं डोलत होता.

जेवायला शाळेतच बसले सगळे. नाचणीची भाकरी, खरवस, आणि तूप असं वाढलेलं की भाकरी दिसत नव्हती. जेवता जेवता साहेबांनी विचारलं, “साकव कुणी केला?”

“म्या. म्हंजे वाड्यानं,” नवलू म्हणाला, पण ‘म्या’ आधी आला होता.

“पावसात टिकतो?”

मी हातातला घास खाली ठेवला. नवलूनं आजूबाजूला बघितलं. सगळा वाडा त्याच्याकडं बघत होता. आपल्या हातच्या कामाबद्दल भरल्या पंगतीत कुठला माणूस म्हणेल की ते टिकत नाही?

“न टिकाय काय झालं साहेब? तळीच्या वाड्याचा साकव हाय ह्यो.”

“नवलूदादा,” मी मध्ये पडले, “हा कोरड्या दिवसांचा साकव. आषाढात पाणी कठड्याच्याही वर येतं. खरं ना?”

नवलूच्या तोंडावर असा भाव आला, जणू मी पाहुण्यांसमोर त्याच्या घरातली चिरगुटं बाहेर काढली. “येतंय वो पाणी,” तो तुटकपणे म्हणाला. “येतंय आन् जातंय.” आणि त्यानं साहेबांच्या पानात आणखी तूप ओतलं.

परतताना साहेब पुन्हा साकवावरूनच गेले. जीपपाशी गेल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले. मगदूम सर जरा लांब जाऊन उभे राहिले.

“साहेब, तुम्ही आषाढात एकदा या. तुमच्या डोळ्यांनी बघा. तोवर काही लिहू नका.”

“बाई, अहवाल याच आठवड्यात जायचाय.” ते चिडले नव्हते, हेच वाईट होतं. “मला काय दिसलं ते लिहायचंय. मी काय लिहू? मी बूट न काढता आलो आणि बूट न काढता गेलो. अध्यक्ष स्वतः म्हणतात, पावसात टिकतो.”

“ते अब्रूसाठी म्हणाले.”

“असेल. पण तसं लिहिता येत नाही.” त्यांनी मागं वळून वाड्याकडं बघितलं. “असं स्वागत माझं आजवर कुठं झालं नाही. खरंच सांगतो. मलाही वाईट वाटतंय.”

जीप गेली. मी साकवावरून परत आले. पलीकडं नवलू माझी वाट बघत उभा होता. त्याचा मघाचा राग मावळला होता. चेहरा फुलला होता.

“कसं काय बाई? साहेब खूश हुता न्हवं?”

“दादा, मी तुम्हाला सांगितलं होतं ना, साहेबांना पाणी बघायचंय म्हणून?”

“बघितलं की! साकवावरनं काय पाणी दिसत न्हाई व्हय?” मग तो हळू आवाजात, मला समजावल्यासारखं म्हणाला, “बाई, तुमी शिकलेल्या हायसा, पर साहेब लोक तुमास्नी ठावं न्हाईत. आमी लई बघितल्यात. फारेस्टवाला बघितला, तलाठी बघितला. साहेब खूश झाला की देतो, चिडला की काढून घेतो. नवी बुटं घालून आलेल्या माणसाला चिखलात उतरवला असता, तर शाळा ठिवली असती व्हय त्येनं? ऱ्हातीय आता शाळा. बघाच तुमी.”

त्याचं सगळं आयुष्य त्याच्या बाजूनं साक्ष देत होतं. माझ्या बाजूला एक नियम होता. त्या क्षणी, खरं सांगते, मलाही वाटलं की कदाचित त्याचंच खरं ठरेल. साहेब भला माणूस होता, भागीला पेन देऊन गेला होता.

वाड्यानं या खेपेला साकव काढला नाही. साहेबाचा साकव म्हणून तसाच ठेवला. पोरं त्याच्यावर खेळायची.

हुकूम जूनच्या अखेरीस आला. त्यात कारणापुढं एवढंच लिहिलं होतं, की मोसरे शाळेपर्यंत पायवाट व पूल उपलब्ध आहे. मला घाटाखालच्या एका शाळेत दिलं होतं, वाड्यापासून दिवसभराच्या वाटेवर. मगदूम सर स्वतः कुलूप घेऊन आले. फळ्यावरची तारीखसुद्धा न पुसता त्यांनी दार ओढून घेतलं.

“साहेब खूश हुता की,” नवलू पुन्हा पुन्हा म्हणत होता. “तूप खाल्लं. पेन दिलं. मग?”

कुणीतरी सांगायलाच हवं होतं. मी सांगितलं. “साकवामुळं, दादा. साकव नसता तर शाळा राहिली असती.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग ओढ्याकडं बघितलं. मग खाली बसला, शाळेच्या पायरीवर, आणि फेटा नसलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. भागी दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती.

दुसऱ्याच दिवशी तो तालुक्याला गेला. हे मला मगदूम सरांनी पुढं सांगितलं. तुपाची किटली घेऊन कचेरीत गेला. हावळ साहेबांची बदली झाली होती. त्यांच्या खुर्चीवर दुसरेच होते. नवलू त्यांच्यासमोर हात जोडून भर कचेरीत मोठ्यानं म्हणाला, “साहेब, म्या फुशारकी मारली. त्यो साकव टिकत न्हाई. पयल्या पुरात जातोय. चूक माझी हाय, पोरास्नी शिक्षा करू नगासा.”

“मग टिकाऊ घाला,” नवे साहेब म्हणाले आणि किटली परत न्यायला सांगितली. हुकूम निघाला होता.

नवलूनं आपला शब्द बाजूला ठेवून भागीला मोसऱ्याला पाठवायला सुरुवात केली. रोज सकाळी तो पोरांना साकवावरून पार करायचा आणि दुपारी घ्यायला काठावर उभा राहायचा. आषाढात एके दुपारी पोरं शाळेत असताना साकव गेला. दगडाचे खांबसुद्धा राहिले नाहीत. पोरं दोन दिवस मोसऱ्याच्या देवळात राहिली. तिसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर बाप लोकांनी त्यांना खांद्यावर बसवून आणलं, आणि त्यानंतर वाड्यातलं एकही पोर ओढा ओलांडून शाळेला गेलं नाही. मी मगदूम सरांना फोन करायची, भागीचं काय म्हणून विचारायची. ते म्हणायचे, “बघतो.” मग एकदा म्हणाले, “बाई, विचारत जाऊ नका. मला सांगवत नाही.”

काही वर्षांनी, मे महिन्यात, मला तळीच्या वाड्यावरून निरोप आला. भागीचं लग्न होतं.

मी मोसऱ्यापर्यंत गाडीनं गेले आणि पुढं वरातीच्या मागं चालत निघाले. ओढ्यापाशी आल्यावर वरात थांबली. साकव नव्हता. आंब्याचा डहाळा नाही, ढोल नाही, नुसतं गुडघाभर पाणी. पलीकडं वाड्यातले लोक माना खाली घालून उभे होते.

“ह्या वाड्याला एक साकव घालाय जमंना व्हय?” नवरदेवाचा चुलता मोठ्यानं म्हणाला. “तळीच्या वाड्याचं लई नाव ऐकलं हुतं.”

नवरदेवाला एकानं पाठीवर घेतलं. बाया लुगडी सावरत, नावं ठेवत पाण्यात उतरल्या. मी चपला हातात घेतल्या आणि नेहमीच्या जागेवरून पलीकडं गेले. काठावर नवलू ऊन पाण्याची घागर घेऊन बसला होता. येईल त्या पाहुण्याचे पाय धुऊन पंच्यानं पुसत होता. तो पार वाळला होता. माझे पाय त्यानं धुतले, पण मान वर केली नाही.

भागी आतल्या खोलीत हळदीच्या अंगानं बसली होती. अंगानं अजून पोरसवदा. वय विचारायचं धाडस मला झालं नाही. मला बघून ती उठायला लागली, बायांनी दाबून बसवली.

“बाई, वळखलासा?” ती हसली.

मी तिच्यासाठी साडी नेली होती. तिनं खोकं मांडीवर घेतलं आणि त्यावरच्या दुकानाच्या नावावर बोट ठेवलं. जुनी सवय. ओठ हलले. पहिलं अक्षर लागलं, दुसरं लागलं, मग बोट तिथंच थांबलं. ती मागं जाऊन पुन्हा सुरुवात करेल म्हणून मी वाट बघितली. तिनं खोकं हसून जनाबाईकडं दिलं.

“आता काय न्हाई लागत बाई,” ती म्हणाली. “पेन हाय आजून. शाई वाळली.”

मी अक्षता टाकल्या आणि जेवायला न थांबता निघाले. नवलू ओढ्यापर्यंत माझ्यामागं आला. माझी पिशवी त्याच्या हातात होती.

“दादा, भागीच्या लग्नाला साकव का नाही घातला? लोक बोलत होते.”

“बोलू देत.” त्यानं पाण्याकडं बघितलं. “त्या दिसापासनं सोटाला हात लावला न्हाई म्या. वाड्यात लगीन असलं तरी दुसऱ्यानं घालावा. आन् माझ्याबिगर कुणास्नी जमत न्हाई.”

मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. पाणी गार होतं. पलीकडं पोचल्यावर त्यानं मागून हाक मारली.

“बाई! भिजलासा?”

“भिजू दे दादा. वाळतंय.”

“तवा त्या साहेबाला भिजवाय पायजे हुतं,” तो म्हणाला. आणि माझी पिशवी त्याच्याच हातात राहिली होती, म्हणून ती डोक्यावर घेऊन तो पाण्यात उतरला.